एन्क्रिप्शन चिपमधली चोरवाट: खरेदीदाराच्या हाती काय उरते?

प्रश्न
आमच्या संस्थेच्या डिजिटल स्वाक्षरीच्या खाजगी की, म्हणजे स्वाक्षरी करायला लागणारे गुप्त आकडे, सांभाळण्यासाठी हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल (की आत ठेवून तिथेच स्वाक्षरी करणारे बंदिस्त उपकरण) घ्यायचे आहे. विक्रेते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र पुढे करतात. पण उपकरण उघडू पाहिले तर ते आतल्या की स्वतःच पुसून टाकते, त्यामुळे आत काय चालते हे आम्हाला कधीच दिसणार नाही. एखाद्या सरकारच्या सांगण्यावरून निर्मात्याने त्यात चोरवाट ठेवली असेल, तर ती चाचण्यांतून उघडकीस येईल का? येणार नसेल, तर आम्ही करावे तरी काय?

प्रतिसाद १
की ज्यांपासून बनते ते यादृच्छिक (अंदाज न बांधता येणारे) आकडे उपकरणातला जनरेटर तयार करतो; नुसते ते आकडे तपासून चोरवाट सापडणार नाही. एक, दोन, तीन असे क्रमाने येणारे आकडे गुप्त कीने एन्क्रिप्ट करत गेले, तरी निघणारे बिट सगळ्या सांख्यिकी चाचण्यांत उत्तीर्ण होतात. मात्र ती की ज्याच्याकडे आहे, त्याला पुढचा प्रत्येक आकडा आधीच काढता येतो. प्रमाणपत्रावरही विसंबू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २००६ मध्ये ड्युअल ईसी डीआरबीजी हा जनरेटर मानकात घेतला. त्याच्या गणितात ठरवून दिलेल्या दोन बिंदूंमधले नाते ज्याला ठाऊक असेल, त्याला पुढचे आकडे ओळखता येतात, हे २००७ मध्येच दोन संशोधकांनी जाहीरपणे दाखवले होते. तरीही तो काढून टाकण्याचा निर्णय व्हायला २०१४ उजाडले.

प्रतिसाद २
म्हणूनच एकाच चिपवर भिस्त ठेवू नये. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१३ मध्ये प्रोसेसरमधल्या जनरेटरचे आकडे थेट न वापरता, यारो या सॉफ्टवेअर जनरेटरमध्ये इतर स्रोतांबरोबर मिसळायचे ठरवले. तुम्हीही की नेटवर्कला कधीच न जोडलेल्या संगणकावर, अनेक स्रोत मिसळून तयार करा आणि मगच मॉड्यूलमध्ये भरा. साधा सहा बाजूंचा फासा १०० वेळा टाकला, तरी सुमारे २५८ बिट एन्ट्रॉपी (अनिश्चितता) मिळते, आणि ती कुठल्याही चिपच्या हाती नसते.

एवढ्याने काम संपत नाही. ईसीडीएसए या स्वाक्षरीच्या पद्धतीत प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवा यादृच्छिक आकडा लागतो, आणि तो मुद्दाम निवडून उपकरण स्वाक्षरीतूनच की बाहेर पाठवू शकते. ईडी२५५१९ सारख्या पद्धतीत तो आकडा की आणि संदेश यांवरूनच ठरतो. त्यामुळे तीच की दुसऱ्या निर्मात्याच्या उपकरणातही ठेवा आणि एकाच संदेशावरच्या दोन्ही स्वाक्षऱ्या ताडून पाहा. एका बिटाचाही फरक आढळला, तर दोन्ही उपकरणे तत्काळ बाजूला काढा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पण चोरवाटेतला प्रवेश केवळ न्यायालयाच्या आदेशानेच वापरला जाईल, असे सरकारकडून सांगितले जाते, त्याचे काय?

प्रतिसाद ३
सांगणाऱ्याचा हेतू प्रामाणिक मानला, तरी ते पाळणे त्याच्या हाती राहत नाही. अमेरिकेने १९९३ मध्ये पुढे आणलेल्या क्लिपर चिपमध्ये कीच्या प्रती सरकारकडे ठेवायची सोय होती. त्या सोयीच्या संरक्षणासाठीचा चेकसम (पडताळणीचा आकडा) अवघा १६ बिटांचा होता, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ शक्यतांचा, आणि ती सोय चुकवता येते हे पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिले. ज्युनिपर या कंपनीच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कचे रक्षण करणाऱ्या उपकरणात) तर कोणीतरी वर उल्लेखलेल्या ड्युअल ईसीचाच एक बिंदू गुपचूप बदलून ती वाट आपल्या ताब्यात घेतली होती, हे डिसेंबर २०१५ मध्ये उघड झाले. त्यामुळे निविदेतच अट घाला: फर्मवेअरचा (उपकरणातल्या सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड स्वतंत्र तपासणीसाठी खुला हवा आणि बाहेर तयार केलेली की भरण्याची सोय हवी. यांपैकी कशालाही नकार देणाऱ्या विक्रेत्याचे उपकरण, किंमत कितीही कमी असली, तरी घेऊ नका.