चार्ल्सटाउनचं शिपरेक म्युझियम बंद झालं, मग आतल्या वस्तूंचं झालं काय?

ब्रिस्टलकर

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधे, सेंट ऑस्टेल गावाच्या खाली चार्ल्सटाउन म्हणून एक चिमुकलं बंदर आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तांबं आणि पुढे चायना क्ले, म्हणजे चिनी मातीची भांडी बनवायची पांढरी माती, बोटीत भरायला बांधलेलं, आता लोक तिथे आइस्क्रीम खायला जातात. त्या बंदरावरच शिपरेक ट्रेझर म्युझियम होतं, क्ले सुकवायच्या जुन्या शेडमधे. खाली क्लेच्या वॅगन नेण्याचे बोगदे होते त्यातून डोकं सांभाळत फिरायचं. बुडालेल्या जहाजांतली नाणी, बाटल्या, तोफगोळे, जुन्या डायव्हर लोकांची तांब्यापितळेची हेल्मेटं, नुसता खच. मांडणी जुनाट, कुणाच्यातरी माळ्यावर शिरल्यासारखी, पण मला तेच आवडलं होतं. यंदा आईबाबा आलेत, बाबांना बोटींचं भारी वेड, म्हणून तिकडे न्यायचा बेत केला तर कळलं की म्युझियम कधीच बंद झालंय आणि लिलावसुद्धा उरकलाय.

तर एवढ्या वस्तू गेल्या कुठे? आणि मुळात म्युझियममधलं सामान असं विकता येतं का? उद्या मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बंद पडलं तर मूर्ती कोणी लिलावात काढेल का?

जुनं_नाणं

लिलाव नोव्हेंबर २०२४ मधे झाला, कॉर्नवॉलच्याच लेज ऑक्शनियर्सकडे. १५० हून जास्त जहाजांमधून निघालेल्या ८,००० च्या वर वस्तू होत्या. नाण्यांच्या लिलावांवर माझं लक्ष असतं म्हणून माहीत.

म्युझियम १९७६ चं. रिचर्ड लार्न म्हणून नौदलातले माजी डायव्हर, त्यांनी सुरू केलं. पुढे मालकी टिम स्मिट यांच्याकडे गेली, कॉर्नवॉलमधली ईडन प्रोजेक्ट नावाची मोठी बाग उभारणारे ते. त्यांनी ते विकायला काढलं आणि शेवटी वस्तू लिलावात गेल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे बघा, पहिल्यापासून खासगी मालकीचं होतं. मालकाने विकलं, संपलं. मुंबईच्या म्युझियमवर ट्रस्ट आहे, त्याची तुलना इथे होत नाही.

कोकणी_काजू

यात एवढं वाईट काय वाटायचं ते मला कळेना. चार महिने सीझन, बाकी वर्षभर पाऊस आणि वारा, तिकिटावर किती दिवस चालणार? वीज आहे, विमा आहे, माणसांचे पगार आहेत. आणि ज्याने पैसे मोजून वस्तू घेतली तो ती जपणारच की. सरकारी गोदामात धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या शोकेसमधे राहिलेली बरी.

खलाशी_काका

काजूशेठ, मी आयुष्यभर मर्चंट नेव्हीत काढलं, तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. आधी कायद्याचं सांगतो.

इंग्लंडमधे बुडालेल्या जहाजातली वस्तू सापडली की २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, १९९५ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टप्रमाणे. मूळ मालकाला एक वर्षाची मुदत. तो आला तर शोधणाऱ्याला बक्षिसी मिळते, नाही आला तर वस्तू मुकुटाची, म्हणजे राजसत्तेची, पण पुष्कळदा बक्षिसी म्हणून तीच वस्तू शोधणाऱ्याला देऊन टाकतात. म्हणजे ती कायदेशीर त्याची झाली, तो मांडेल नाहीतर विकेल. अशी खासगी म्युझियम उभी राहतात ती याच वाटेने.

आता दुसरी बाजू. २२ ऑक्टोबर १७०७ ला ॲडमिरल क्लाउड्सली शॉव्हेलचा ताफा कॉर्नवॉलच्या टोकापलीकडच्या सिली बेटांच्या खडकांवर आपटला, चार जहाजं गेली, हजारावर माणसं बुडाली. आपण नक्की कुठे आहोत याचा अंदाज चुकला हे कारण. रेखांश अचूक काढण्याच्या बक्षिसाचा १७१४ चा कायदा आला त्यामागे ही दुर्घटना होती. त्यातलं असोसिएशन जहाज १९६७ मधे नौदलाच्या डायव्हरना सापडलं आणि मग जो उठला तो पाण्यात. स्फोटकं लावून खडक फोडले, तोफा उचलल्या, नाणी थेट लिलावात. कुठली वस्तू कुठल्या तोफेखाली, कुठल्या घळीत होती याची नोंद कोण ठेवणार? त्या गोंधळानंतरच १९७३ चा संरक्षित रेकचा, म्हणजे बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा, कायदा झाला.

म्हणून म्हणतो, शोकेसमधे वस्तू राहील हो, पण एका जहाजाचं सामान शंभर घरांत गेलं की ते जहाज परत एकत्र बघायला मिळत नाही. कप्तानाची दुर्बीण एकाकडे आणि खलाशाचा चमचा दुसऱ्याकडे.

पणजीवाला

काकांशी सहमत, शिवाय एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते. समुद्रातून काढलेलं लोखंड शोकेसमधे ठेवून चालत नाही! तोफगोळा दोनतीनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिला की मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. बाहेरून धड दिसतो, आत अर्धा गंज. तो तसाच सुकवला की वर्षादोनवर्षांत अंगावर पिवळे-तपकिरी थेंब येतात, घाम फुटल्यागत, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखं एकेक साल सुटायला लागतं आणि एक दिवस गोळ्याची खपली फळीवर पडलेली. त्याला आधी महिनोन्महिने अल्कलीच्या पाण्यात बुडवून मीठ बाहेर काढावं लागतं, कधी वीजप्रवाह सोडून, मोठी तोफ असली तर काही वर्षं लागतात. त्यानंतरसुद्धा कोरड्या हवेत ठेवायचं. हा खर्च लिलावातला गिऱ्हाईक करेल का? एखादा करेल, बाकीचे वॉर्निश मारतील.

आपल्याकडचं सांगतो. मुरगावच्या बाहेर सुंची रीफ म्हणून खडक आहे, तिथे एनआयओच्या, म्हणजे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, डायव्हरनी सतराव्या शतकातलं पोर्तुगीज काळातलं जहाज अभ्यासलं. काय निघालं? हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे, तोफा. पाणघोडा आफ्रिकेतला, भांडी चीनची, आणि बोट बुडाली आपल्या दारात! सोन्याचं नाव नाही, पण दोन्हीकडचा व्यापार एका ठिकाणी दिसतो. दुसऱ्या एका खडकावर, सेंट जॉर्जेस रीफला, कौलं आणि विटा सापडल्या, त्यांवर चक्क बाझेल मिशन टाइल वर्क्स १८६५ असा छाप. आपल्या जुन्या घरांवर असायची तशी मंगलोरी कौलं. लिलावात त्यांना कुत्रं विचारणार नाही.

कोकणी_काजू

बरं बुवा, तोफगोळ्याचं ऐकून घेतलं. पण पैशाचं उत्तर कोणी दिलं नाही. गावाने घ्यावं, सरकारने घ्यावं म्हणायला काय जातं.

ब्रिस्टलकर

सगळ्यांचे आभार, एवढं तपशीलवार कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काजू म्हणतात ते पैशाचं खरंच आहे, आम्ही गेलो तेव्हा भर उन्हाळ्यात आत मोजकीच माणसं होती. पण मधला मार्ग काहीच नसतो का? म्हणजे इमारत जाईना का, वस्तू तरी एकत्र राहतील असं काही?

तारवटी

असतो. शेजारीच बघा ना, सिली बेटांवरचं म्युझियम. इमारत धोकादायक झाली म्हणून २०१९ मधे तेही बंद झालं, पण संग्रह संस्थेचा असल्याने विकला गेला नाही, बेटांवर इकडे तिकडे थोडा थोडा मांडत राहिले आणि नव्या जागेच्या मागे आहेत. दोन्ही म्युझियम बंदच, तिकीट दोन्हीकडे अपुरं, फरक इतकाच की सातबारा कोणाच्या नावावर. म्हणजे काजूशेठ, लगेच कोणी कोट्यवधी ओतायची गरज नव्हती, संग्रह वेळेत एखाद्या ट्रस्टच्या नावावर केला असता तर वस्तू निदान खोक्यांत एकत्र राहिल्या असत्या. अर्थात ज्याने स्वतःचे पैसे घालून जमवलं त्याने फुकट का द्यावं, हे तुम्ही विचारणार, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मला विचाराल तर खजिना हा शब्दच घात करतो. एसएस गेरसप्पा घ्या, आपल्या जोगजवळच्या गेरसप्पा धबधब्याचं नाव असलेली बोट. कलकत्त्याहून चांदी आणि चहा घेऊन निघाली, फेब्रुवारी १९४१ मधे आयर्लंडच्या बाहेर जर्मन पाणबुडीने बुडवली, अख्ख्या बोटीतला एकच माणूस वाचला. २०१२-१३ ला अमेरिकन कंपनीने जवळजवळ ४,७०० मीटर खोलीवरून सुमारे ११० टन चांदी काढली. बातम्या चांदीच्याच झाल्या. पण चांदीबरोबर टपालाचा एक गठ्ठाही वर आला, ७०० च्या वर पत्रं, हिंदुस्थानातून घरी लिहिलेली. गठ्ठ्यात घट्ट दाबली गेली, वर गाळ बसला, तळाशी उजेड नाही, म्हणून शाई टिकली. लंडनच्या पोस्टल म्युझियमने ती एकेक सुटी करून २०१८ मधे मांडली. चांदी गेली बाजारात वितळायला, पत्रं मात्र अजून वाचता येतात.

खलाशी_काका

तारवटी, वा! मुंबईचंही एक आहे. १९२२ मधे पीअँडओ या ब्रिटिश बोट कंपनीची एसएस इजिप्त लंडनहून मुंबईला निघाली, फ्रान्सच्या टोकाला धुक्यात फ्रेंच बोटीशी टक्कर होऊन काही मिनिटांत बुडाली. आत मुंबईला यायचं सोनं-चांदी. इटालियन लोकांनी तीसच्या दशकात, शंभर मीटरहून जास्त खोलीवर, डेक फोडून वरून आकडा सोडून ते बाहेर काढलं. पोलादी डब्यात एक माणूस बसवून खाली सोडायचे आणि तो फोनवरून सांगायचा, डावीकडे, अजून डावीकडे, आता टाक. सोनं मात्र लंडनलाच गेलं, विमावाल्यांनी भरपाई आधीच दिली होती ना.

ब्रिस्टलकर, वडिलांना पोर्ट्समथला न्या, मेरी रोझ बघायला. हेन्री आठव्याचं जहाज, १५४५ ला बुडालं, १९८२ ला वर काढलं. सामान जहाजाच्या शेजारीच मांडलंय. अर्धा दिवस पुरणार नाही. कॉर्नवॉलला जाणारच असाल तर फाल्मथचं मॅरिटाइम म्युझियम आहे.

नवा_सभासद_७

मधेच विचारतो, माझ्याकडे हॉलंडियाचं एक नाणं आहे, १७४३ ला सिलीला बुडालेल्या डच बोटीचं, सर्टिफिकेटसकट घेतलेलं. चांदी पार काळी पडलीये आणि कडेला खरबरीत. घासलं तर चालेल का?

पणजीवाला

अजिबात नको! चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. तो काळा थर चांदीच्या सल्फाइडचा आहे, घासलात तर त्याबरोबर अक्षरंही जातील. कोरड्या हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, बोटांनी हाताळू नका. खरबरीत कड हिरवी व्हायला लागली तर फोटो काढून इथे टाका. आणि ते सर्टिफिकेट आधी स्कॅन करा, नाणं विकायची वेळ आली तरी ते सोबतच द्या.