गाऱ्हाणं ‘घालतात’ की ‘सांगतात’?

गेल्या गणपतीतली गोष्ट. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीवर रात्रीची आरती आटपली. थोरल्या काकांनी खांद्यावरचा पंचा नीट केला, केळीच्या पानावर नारळ आणि विडा ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. पुण्यात वाढलेली माझी पुतणी शेजारी उभी होती. सगळ्यांबरोबर तिनंही “होय म्हाराजा” म्हटलं. नंतर मागच्या पडवीत हात धुताना मला हळूच विचारलं, “काका, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार ना? मग आजोबा कोणाची तक्रार करत होते? आणि आपण सगळे तिला हो का म्हणत होतो?”

त्या क्षणी मला सांगता आलं नाही. जन्मापासून कानावर पडलेला शब्द, पण तिनं बोट ठेवलं ती जागा मी कधी पाहिलीच नव्हती. मुंबईला परतल्यावर कोश उघडले. तिथे तक्रार, फिर्याद, कागाळी. व्युत्पत्ती संस्कृत ‘गर्हणा’ म्हणजे निंदा, दोष देणे इथपर्यंत जाते. संतांच्या गौळणींतही गोपी यशोदेकडे कृष्णाची गाऱ्हाणी घेऊन येतात, तीही तक्रारच. मग कोकणातच हा शब्द देवापुढच्या मागणीचा कसा झाला?

काकांचं गाऱ्हाणं आठवेल तसं इथे लिहितो. वाडीवाडीला शब्द बदलतात, पण चाल हीच:

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या, बारा वहिवाटीच्या, बारा-पाचाच्या देवा म्हाराजा! आज सालाबादप्रमाणे ह्या लेकरांनी जो काय नारळ तुज्या पायाकडे ठेयलो आसा, तो गोड मानून घे. कोणाचा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. पोटापाण्यासाठी मुंबैक गेलेल्या लेकरांका सांबाळ. कोणी वाकड्या नजरेन बगलानी आसात, तर तेची नजर सरळ कर, रे म्हाराजा!”

प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळ्यांचं “होय म्हाराजा”. लहान मुलांचं सगळ्यांत मोठं.

आता यातले शब्द बघा. वहिवाट. सालाबाद. बाहेर देवळात गेलात तर मानकरी, हुकूम, कौल, चाकरी. हे पोथीतले शब्द नाहीत, गावच्या दप्तरातले आहेत. ‘कौल’ मूळचा अरबी, अर्थ दिलेला शब्द, वचन. जुन्या काळी पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून सरकार कुळाला कौल देई: पहिली वर्षं सारा कमी, पुढे चढता. त्याला इस्ताव्याचा कौल म्हणत. तोच शब्द आमच्या देवळात गेला. गुरव पाण्यात भिजवलेले तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना लावतो, प्रश्न विचारला जातो आणि मग सगळे गप्प. मी लहानपणी समईच्या उजेडात पाहिलंय: ओल्या दगडावरून तांदळाचा दाणा आधी जागच्या जागी थरथरतो, मग इवलीशी पाण्याची रेघ सोडत खाली येतो. उजवा पडला की सभामंडपात एकदम बोलणं सुरू होतं. डावा पडला की कोणी काही बोलत नाही, गुरव परत तांदूळ भिजवतो. देवानं दिलेलं ते वचनच. (घरावरचं कौल हा वेगळा शब्द, त्याचं नातं ‘कपाल’शी. दोन्ही एकच समजण्याची चूक होते म्हणून लिहिलं.)

तेव्हा माझा अंदाज असा की ‘गाऱ्हाणं’ बदललं नाही, आहे तिथेच राहिलं. देव हा गावाचा धनी, आपण त्याची रयत. धन्यापुढे उभं राहून आपलं सुखदुःख, चूकभूल, कोणी त्रास दिला असेल तर तोही, सगळं एकदम मांडायचं. तक्रार त्यात आहेच, वाकड्या नजरेवाल्याची. देशावर शब्दातली तेवढी एकच बाजू उरली, आमच्याकडे सगळा शब्द उरला. खोती (खोतांकडून गावचा सारा वसूल करायची जुनी पद्धत) १९४९ च्या कायद्यानं गेली, ‘बारा वहिवाटी’ मात्र अजून दर गणपतीत म्हटल्या जातात.

पण खरी किल्ली मला क्रियापदात सापडते. देशावर गाऱ्हाणं ‘सांगतात’, ‘मांडतात’, कोणाकडे तरी ‘नेतात’. आमच्याकडे ते ‘घालतात’. साकडं घालतात, गळ घालतात, दंडवत घालतात, तसंच. आणि अनेकवचन झालं की अर्थ फिरतो. “त्याची गाऱ्हाणी संपतच नाहीत” असं मालवणातही म्हणतात, तेव्हा ती तक्रारच असते. देवापुढचं एका वेळी एकच, एकवचनी.

तुमच्या भागात काय म्हणतात? ‘घालणे’ किती लांबपर्यंत चालतं?

रत्नागिरीहून

आमच्याकडेही ‘घालतात’च. मुख्य प्रसंग शिमग्याचा. पालखी घरी येते, अंगणात रांगोळीवर टेकवतात, घरची बाई ओटी भरते आणि मानकरी त्या घराच्या नावानं गाऱ्हाणं घालतो. प्रतिसाद “व्हय म्हाराजा”. घरात कोणाचं लग्न अडलं असेल, कोणाला मूल नसेल, तर मानकऱ्याच्या कानात आधी सांगून ठेवतात. म्हणजे बघा, घरचा माणूस मानकऱ्याला ‘सांगतो’ आणि मानकरी देवाला ‘घालतो’. एकाच अंगणात दोन क्रियापदं. तुमचा मुद्दा पटला.

एक वेगळं मत मांडतो. देव म्हणजे सरकार आणि आपण रयत, हे मला पुरतं पटत नाही. “लेकरां” हा शब्दही त्याच गाऱ्हाण्यात आहे. लेकरू अर्ज करत नाही, हट्ट करतं.

वेंगुर्ल्याहून

पलीकडे गोव्यातही ‘गाराणें घालप’ आहे, त्यामुळे दक्षिणेची हद्द तेरेखोलवर संपत नाही. पण त्याच खाडीवर दुसऱ्या एका शब्दाचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. आमच्याकडे देवचार म्हणजे वेशीचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री सीमेवरून फिरतो, चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो. फिरून फिरून वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा ठेवतात. माझी आजी पावसाळ्यात रात्री माडांतून येताना वाट सापडेनाशी झाली की मोठ्यानं त्यालाच हाक मारायची. आता गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत पाहा: देवचार म्हणजे सैतान. धर्म बदलला, शब्द टिकला आणि घरचा राखणदार नरकात गेला. मला हे वाचताना फार वाईट वाटलं होतं.

आणि एक विचारते. गाऱ्हाणं बायकांनी घातलेलं तुम्ही कोणी ऐकलंय? देवळात तर नाहीच, घरातही कर्ता पुरुषच घालतो.

मूळ प्रश्न विचारणारा

ताई, मी ऐकलंय. आजोबा लवकर गेले, घर आजीनं चालवलं. गणपतीत शेजारचे तात्या येऊन गाऱ्हाणं घालत, पण रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आजी विहिरीच्या कट्ट्याशी जायची, एक फूल ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. एकदा जवळ जाऊन ऐकलं. तेच गाऱ्हाणं होतं, पण “म्हाराजा” नव्हतं आणि “बारा वेशी”ही नव्हत्या. “पोरगो तापान फणफणलोहा, बग जरा,” एवढंच. तो पोरगो म्हणजे मी. तिला विचारलं तर म्हणाली, “गाऱ्हाणा खयचा, सांगतंय आपला.” म्हणजे तिच्या लेखी ते ‘घालणं’ नव्हतं, ‘सांगणं’ होतं. रत्नागिरीच्या दादांचा मुद्दाही इथे आला. घालणं हे दहा माणसांपुढचं, रिवाजाचं, “होय” म्हणणारे लागतात. सांगणं लेकराचं, एकट्याचं. माझी ‘रयत’ अर्धीच खरी आहे, हे मान्य.

खेडहून

क्रियापदाचा धागा पुढे नेतो, कारण कोकणातल्या या सगळ्या शब्दांची तीच गत आहे. कौल ‘लावतात’, अवसर (अंगातला देव) ‘येतो’, राखण (राखणदाराचा मान) ‘देतात’, चाळा (भुताची बाधा) ‘होतो’, गिऱ्हा (पाण्यातलं भूत) ‘लागतो’. नाम एकवेळ कोशात मिळेल, हे जोड मिळत नाहीत.

यावरून एक विसरलेली गोष्ट. कोकणातल्या भुताखेतांची आणि लोकसमजुतींची एक मोठी नोंद केली ती शाळामास्तरांनी. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला संस्कृत, मराठी चांगलं येई, लोक त्याला पंडित म्हणत. लोकसमजुतींवरच्या त्याच्या प्रश्नावल्या गावोगावच्या शाळांत गेल्या आणि मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली: कुठल्या विहिरीत काय आहे, कोणतं झाड तोडत नाहीत, बाळंतपणात मेलेल्या बाईचं काय होतं. पुढे २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे आमच्याच खेड तालुक्यातले. जॅक्सन गेला, टिपणं राहिली. एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ती लावून कोकणचा भाग १९१५ साली इंग्रजीत छापला. गिऱ्हा, चेडा, अलवंत, लाव, जखीण, झोटिंग, समंध, सगळी मंडळी त्यात आहेत. पण मास्तरांचं मराठी इंग्रजीत गेलं आणि नेमकी क्रियापदं तिथे गळाली. इंग्रजीत सगळ्यांनाच ‘भूत’ पछाडतं. आमच्याकडे मुंजा ‘धरतो’, गिऱ्हा ‘लागतो’, चकवा ‘पडतो’ आणि प्रत्येकाची भीती वेगळी.

गिऱ्ह्याचं सांगायचं तर तो पाण्यातला. ‘ग्रह’वरून आलेला शब्द, ग्रहणाला आमचे म्हातारे ‘गिरान’ म्हणतात तसा. ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि माणसाला खोल पाण्यात नेतो. माशांचा लोभी, म्हणून रात्री मासे घेऊन खाडीकाठानं येणाऱ्यानं हाकेला मागे वळायचं नाही. त्याचा केस हाती लागला तर तो मांडीत चिरून लपवायचा, म्हणजे गिऱ्हा घरी राबतो. केस परत मिळाला की मात्र घराचा सत्यानाश करून जातो. वाशिष्ठीच्या काठच्या मुलांनी ही गोष्ट ऐकलेली असते. त्या काठावर रात्री पोहायला न जाण्याचं एवढं पक्कं कारण दुसऱ्या कोणी दिलं नसतं.

आचऱ्याहून

‘गावपळण’ कोणी घेतलं नाही, म्हणून लिहितो. बाहेरचे लोक ‘गाव सोडून पळतात’ असा अर्थ लावतात, भुतांना घाबरून. पळण ‘होत’ नाही, ती ‘करतात’. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन तारीख ठरते आणि तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. कोणत्याही धर्माचं घर मागे राहत नाही. माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या घालतात, रात्री भजनं, फुगड्या, पोरं तर परत यायला तयार नसतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, उजवा पडला तरच आत. चिंदर आणि वायंगणीचीही असते, तिकडे वैभववाडीत शिराळ्याची तर दरवर्षी. भीती नाही म्हणत नाही मी. रिकाम्या गावात त्या तीन रात्री कोण फिरतं ते आमच्या म्हाताऱ्यांनी कधी उच्चारलं नाही. पण ‘पळ’ काढणं वेगळं आणि ‘पळण’ करणं वेगळं. आम्ही घर राखणदाराच्या हवाली करून जातो. आणि निघताना वेशीवर काय घालतात, तर गाऱ्हाणंच.

मूळ प्रश्न विचारणारा

सगळ्यांची उत्तरं पुतणीला वाचून दाखवली. तिनं वहीत दोन रकाने पाडलेत, एकात नाम, एकात क्रियापद. ‘चकवा पडतो’ तिला ठाऊक नव्हतं, ‘चकवा लागतो’ म्हणत होती. आमच्या वाडीवर दोन्ही ऐकलंय, तेव्हा तिचंही खोडायचं नाही. काकांना फोन लावला आणि विचारलं, गाऱ्हाणं घालायला मुलीनं शिकलं तर चालेल का. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पयली ‘सालाबाद’ म्हणजे काय ता तिका सांग. अर्थ कळल्याशिवाय तोंडात येयत नाय ता.”

तर ‘सालाबाद’पासून सुरुवात केली आहे. ‘साल’ फारसी हे तिला सांगितलं. ‘बारा-पाच’ मात्र प्रत्येक गावचा गुरव वेगळे मोजतो. तुमच्या गावात बारा कोण आणि पाच कोण, ते देवांच्या नावांनिशी लिहा.