येझदीच्या इंजिनाचा मागचा बोल्ट जाम झाला आहे. क्रँककेसला (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला) इजा न होता कसा काढावा?

मांद्रेकर:
नमस्कार. वडिलांची १९८४ सालची येझदी रोडकिंग मोटारसायकल मी गेल्या डिसेंबरपासून घरीच पुन्हा उभी करतो आहे. मांद्रे येथील आमच्या घराच्या पडवीत ती अकरा वर्षे ताडपत्रीखाली होती आणि समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, तेव्हा गंज किती असेल याची कल्पना आपल्याला येईलच. टाकी, चाके, कार्बोरेटर आणि सायलेन्सर उतरवून झाले आहेत. इंजिन चासीला धरणारे बाकीचे बोल्ट निघाले, परंतु चासीच्या दोन्ही पट्ट्यांतून आणि मधल्या क्रँककेसच्या कानातून (बोल्टासाठी भोक असलेल्या, बाहेर आलेल्या भागातून) आरपार जाणारा मागचा लांब बोल्ट जागचा हलत नाही. नट सुटला आहे. चार दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारा फवारा मारला, नंतर हातोडीने ठोकले, तर बोल्टाचे टोकच थोडे पसरले. रिंग पान्याने डोके फिरवू पाहिले, तर त्याचे कोपरे झिजू लागले. कानाच्या कडेला चुन्यासारखी पांढरी भुकटी दिसते. गावातल्या एका मेस्त्रीने गॅसने कापून टाकण्याचा सल्ला दिला, पण मला कानाला चीर जाण्याची फार भीती वाटते, कारण मैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद झाला आणि चांगला क्रँककेस आता सहजासहजी हाती लागत नाही. शिवाय डाव्या झाकणाच्या दोन स्क्रूंच्या खाचाही गेल्या आहेत. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बार्जवरचा फिटर:
सर्वप्रथम हातोडी बाजूला ठेवावी. मांडवीच्या काठी खनिजवाहू बार्जेस दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षे फिटर होतो, आणि २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खाऱ्या पाण्याने धरलेले बोल्ट सोडवणे हे माझे रोजचेच काम होते. तुम्ही सांगितलेली पांढरी भुकटी फार महत्त्वाची आहे. लोखंडात लोखंड अडकते तेव्हा गंज तांबडा असतो. इथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात आहे, आणि खारा दमटपणा दोहोंमध्ये शिरला की बॅटरीत होते तसे होऊन ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. त्यातून तयार होणारी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, म्हणून ती बोल्टाला सगळ्या बाजूंनी आवळून धरते. हा थर इतका घट्ट असतो की तेल कडेपासून काही मिलिमीटर आत जाते आणि थांबते. तुमचे चार दिवस वाया गेले नाहीत, पण केवळ तेलाने हा बोल्ट निघणार नाही.

येथे उष्णता कामाला येते, मात्र ती बोल्टाला न देता भोवतालच्या कानाला द्यावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दहा मिलिमीटरचे भोक आणि त्यातला बोल्ट दोन्ही १२० अंशांनी तापले, तरी भोक बोल्टापेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडे अधिक मोठे होते. ऐकायला हे काहीच वाटत नाही, परंतु थर तडकायला तेवढे पुरते. लहान गॅस टॉर्चची ज्योत कानाभोवती सतत फिरती ठेवावी, एका जागी धरू नये. ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही, ते रंग न बदलता एकदम ढासळते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. पाण्याचा थेंब पडताच चर्र करून उडून जाऊ लागला की थांबावे. नंतर बोल्टाच्या दोन्ही टोकांशी मेणबत्ती टेकवावी, म्हणजे वितळलेले मेण फटीत ओढले जाते. ज्योत लावण्यापूर्वी टाकी आणि कार्बोरेटर पडवीतूनच बाहेर न्यावेत, गिअरचे तेल काढून टाकावे, फवाऱ्याचे अंश पुसून घ्यावेत आणि वाळूची बादली हाताशी ठेवावी. जवळची रबरी सील तापतील, तेव्हा ती नवी घालायचीच हे गृहीत धरावे.

बोल्ट गरम असतानाच तो ठोकून बाहेर काढण्याआधी फिरवण्याचा प्रयत्न करावा. बारा कोनांच्या रिंग पान्याऐवजी सहा कोनांचा बॉक्स पाना घ्यावा, कारण तो कोपऱ्यांवर न बसता सपाट बाजूंवर बसतो. प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने जोर द्यावा, नंतर सोडण्याच्या दिशेने, आणि असे आलटून पालटून करत राहावे. ‘कट’ असा कोरडा आवाज आला तर बोल्ट सुटला असे समजावे. मात्र आवाज न होता पाना हाताला मऊ लागून सरकत राहिला, तर बोल्ट आतल्या आत पिळला जातो आहे. अशा वेळी ताबडतोब थांबून पुन्हा तापवावे.

फोंड्याचा टर्नर:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. ठोकण्याची वेळ आलीच, तर नट पुन्हा टोकाशी समपातळीत चढवून आटे वाचवावेत, कानामागे लाकडाचा ठोकळा घट्ट बसवावा आणि हलक्या हातोडीचे वीस ठोके देण्याऐवजी जड हातोड्याचे दोन नेमके ठोके द्यावेत. हलकी हातोडी फक्त टोक पसरवते, आणि पसरलेले टोक भोकातून जात नाही. तुमचे टोक आधी कानसीने साफ करून घ्या.

एवढ्यानेही न निघाल्यास गॅस कटिंग मुळीच करू नये. चासी आणि क्रँककेसच्या कानामध्ये जी बारीक फट असते, तीतून हॅकसॉचे नुसते पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा आणि बोल्टाचा तुकडा आत ठेवूनच इंजिन बाहेर काढावे. मग तो तुकडा लेथवाल्याकडे प्रेसवर दाबून किंवा ड्रिलिंग मशीनवर कान पक्का बांधून काढता येतो. हातातल्या ड्रिलने हे करू नका. पोलाद कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ असल्याने ड्रिल हमखास मऊ बाजूला सरकते आणि भोक वाकडे होते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे असाच बिघडवलेला एक कान आला होता, तो वेल्डिंगने भरून पुन्हा भोक पाडायला तीन दिवस गेले.

स्क्रूंचे काम सोपे आहे. खाच थोडी शिल्लक असेल तर हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. अजिबात नसेल तर फक्त डोके ड्रिल करून उडवावे. झाकण निघाल्यावर मागे राहिलेली दांडी ग्रिप प्लायरने धरता येते, आणि डोक्याचा ताण गेल्यामुळे ती बहुधा सहज फिरते.

हणजुण्याचा वाचक:
ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल समप्रमाणात मिसळून घातल्यास बोल्ट सुटतो असे मी ऐकले आहे. येथे त्याचा उपयोग होईल का?

बार्जवरचा फिटर:
तांबड्या गंजावर ते मिश्रण उत्तम काम करते, कारण ॲसिटोनने पातळ झालेले तेल खोलवर शिरते. परंतु ॲसिटोन झटकन पेट घेते आणि रंगही उतरवते, म्हणून ज्या दिवशी ज्योत वापरायची आहे त्या दिवशी ते मिश्रण पडवीत आणूही नये.

मांद्रेकर:
काका, आणि फोंड्याचे मित्र, आपल्या दोघांचेही मनापासून आभार. काल रविवारी बोल्ट निघाला. पहिल्या दोन वेळा तापवून काहीच घडले नाही आणि दुसऱ्या खेपेला पाना हाताला मऊ लागला, तेव्हा आपले शब्द आठवून मी लगेच थांबलो. तिसऱ्या खेपेला मेण आत ओढले गेल्याचे डोळ्यांनी दिसले, आणि आवळण्याच्या दिशेने जोर देताच तो कोरडा ‘कट’ ऐकू आला. त्यानंतर पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत चाळीस मिनिटांत बोल्ट हाती आला. मधला भाग खडबडीत झाला आहे आणि त्यावर पांढरा थर अंड्याच्या कवचासारखा चिकटून आहे. कान शाबूत आहे. रॉकेलने धुऊन भिंगातून पाहिले, चीर कोठेही नाही. शेजारी बसलेल्या वडिलांनी तो बोल्ट फडक्यात गुंडाळून आपल्याकडे ठेवून घेतला. आता नवा बोल्ट गंजू नये म्हणून स्टेनलेस स्टीलचा घालावा का?

फोंड्याचा टर्नर:
स्टेनलेस घालू नये. तो स्वतः गंजणार नाही, पण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा कान अधिक वेगाने खाईल. जस्ताचा मुलामा असलेला ८.८ या मजबुतीच्या दर्जाचा पोलादी बोल्ट त्याच लांबीचा घ्या. भोकातील भुकटी गोल ब्रशने पूर्ण काढा, बोल्टाच्या सबंध दांडीवर वॉटरप्रूफ ग्रीस फासा आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर तो एकदा काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवा.