मुलगा १५ वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ५.९ आलंय, कितपत काळजी करू?

दहावीची_आई, नाशिक:
मुलाच्या मानेवर काळपट पट्टा आला होता, मी मळ समजून दोन महिने घासत बसले, शेवटी स्किनवाल्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी क्रीम वगैरे काही न देता सरळ रक्त तपासायला सांगितलं. फास्टिंग १०८, एचबीए१सी ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १६५, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६. तो जाड अजिबात नाहीये, हातपाय काड्या, पोट तेवढं सुटलंय. सासऱ्यांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता आणि माझ्या आईला शुगर आहे. सासूबाई म्हणतात वाढत्या वयात होतं असं, कुणाला सांगत बसू नकोस. पण मला झोप लागत नाहीये.

पुणेरी_बाबा:
ताई, हातपाय काड्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे हेच तर फसवं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. म्हणजे वजनकाटा एकच सांगतो आणि आत भलतंच असतं. मुलाची कंबर मोजा, उंचीच्या निम्म्याच्या वर असेल तर ते पोटच महत्त्वाचं. मानेचा काळेपणा पण शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याचीच खूण असते बहुतेकदा, घासून तो जाणार नाही, आणि तुमची काही चूक नाही, आमच्याकडेही आधी उटणंच झालं होतं.

लॅबमधली_ताई:
एचबीए१सी ५.७ ते ६.४ आणि फास्टिंग १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटीस, डायबेटीसच्या आधीची पायरी, त्यामुळे दोन्ही त्यातच बसतात. तरी हिमोग्लोबिन बघितलंय का? लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच थोडं वर दिसतं. तुमचं फास्टिंग पण वाढलंय म्हणून ते एकटं कारण नसेल, पण मुलांच्या डॉक्टरांना, जमलं तर हार्मोनवाल्यांना, ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती टेस्ट करायची का हे विचारा. आणि बीपी! मुलांचं बीपी कुणी घेतच नाही. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, त्यात आजोबांचा अटॅक, हे सगळं एकत्र बघायला हवं, नुसती शुगर नाही.

दोन_मुलांची_आई:
माझ्या लेकीला मागच्या वर्षी ६.१ होतं. मी आधी तिलाच वेगळं ताट वाढायला लागले, ती रडायची, चोरून खायची. मग कोल्ड्रिंक घरातूनच बंद केलं (कित्येकांच्या ३०० मिलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते), चहा-बिस्किटाऐवजी शेंगदाणे, फुटाणे, रात्री भात कमी करून उसळ जास्त, सगळ्यांनाच. क्लासला सायकल. झोप मात्र सगळ्यात अवघड गेली, मोबाईल साडेदहाला बाहेरच्या खोलीत. सहा महिन्यांनी ५.६. औषध नव्हतं, पण तुमच्या डॉक्टरांना जे वाटेल ते ऐका. आणि त्याच्यासमोर 'तुला डायबेटीस होणार' असं कुणाला बोलू देऊ नका प्लीज.

दहावीची_आई, नाशिक:
खूप आधार वाटला सगळ्यांचा. आत्ताच टेपने मोजलं, उंची १६८, कंबर ८८. हिमोग्लोबिन कधीच केलेलं नाही, शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, बीपीचं पण सांगते. कोल्ड्रिंक यांच्यासाठी यायचं घरात, आजच बोलते त्यांच्याशी.