टिनाच्या छपराला चुना की पांढरा रंग? बचत गटासाठी सल्ला हवाय (नागपूर)

नमस्कार मंडळी,

नागपुरात आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाचा हिशेब मी बघते. गटातल्या बहुतेक जणी घरीच शिवणकाम करतात. इतवारीच्या बाजारातून कापलेला माल येतो, पेटीकोट नगावर शिवून द्यायचे. घर म्हणजे एकच खोली, वर टीन, काहींकडे सिमेंटचे पत्रे. एप्रिल लागला की अकरानंतर मशीनवर बसवत नाही. हात घामेजतात, कापड सरकतं, शिलाई वाकडी गेली की माल परत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर पहाटे जेवढं होईल तेवढंच. कमाई घटते आणि नेमकं तेव्हाच कूलरचं बिल वाढतं. मग गटातून कर्ज, शेकडा दोननं. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आली की हप्ता थकतो.

म्हणून यंदा विचार चाललाय की कर्ज द्यायचंच तर छपरासाठी द्यावं. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा झाला, पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं कामही निघालं. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आमच्याकडे एका कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, मशीनसाठी कर्ज मिळेल, छपरासाठी नाही. अहो, मशीन ज्या छपराखाली चालते तोच तर आमचा कारखाना!

तर प्रश्न असे: चुना स्वस्त पडतो, पण टिनावर टिकतो का? की उष्णता परतवणारा महाग रंगच घ्यावा? थर्माकोलची सीलिंग लावावी का?

आणि खरा वाद वेगळाच आहे. ज्यांना जागेचे पट्टे मिळालेत त्या सरकारी घरकुल योजनेच्या अडीच लाखांची वाट बघताहेत. त्या म्हणतात, स्लॅब पडणारच आहे तर टिनावर पैसा कशाला घालायचा? पण ज्यांचा स्लॅब पडलाय त्यांच्याकडे रात्री बारालाही छत गरम असतं. टीन निदान सूर्य बुडाल्यावर लवकर निवतं. भाडेकरूंचं काय करायचं हेही सुचत नाही. रंग त्यांनी लावायचा आणि घरमालकानं भाडं वाढवायचं, असं नको व्हायला.

प्रतिसाद १

ताई, रंगकामाच्या अनुभवावरून सांगतो. गुळगुळीत टिनावर चुना धरत नाही, पोपडे निघतात. सिमेंटच्या पत्र्यावर बरा बसतो, पण पावसाळ्यानंतर पुन्हा मारावा लागतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो कोरडा घासू नका. आधी ओला करा, मऊ झाडूनं धुवा, वर चढताना फळी टाका. टिनाला गंज काढून प्रायमर आणि मग पांढरा रंगच लावा. नवं टीन चकाकतं म्हणून थंड राहील असं वाटतं. ते ऊन परतवतं, पण दिवसा उन्हात एकदा तापलं की उष्णता लवकर सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. धूळ बसली की धुवा, नाहीतर पैसे वाया. थर्माकोल मात्र नकोच, आग लागली तर जीवावर बेतेल. स्लॅब पडला तर त्यावरही पांढरंच मारायचं, त्यामुळे तो वाद सोडून द्या.

प्रतिसाद २

कूलर लावलाय त्या खोलीत हवा बाहेर जायला वाट आहे का? समोरचं दार किंवा वरचं भोक उघडं नसेल तर नुसती दमट हवा कोंडते आणि जास्तच उकडतं. शिवाय, ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेच्या सभासदांना २०२४ च्या उन्हाळ्यात तापमान ठरावीक आकड्यावर गेल्यावर विम्याचे पैसे मिळाले होते. तुमच्या गटाला असं काही जमेल का, चौकशी करा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. विम्याचं विचारते, पण तो आकडा बाहेरच्या तापमानाचा असणार, आमच्या टिनाखालचा नव्हे. सध्या दोन घरांवर रंग मारून बघतो, एक टिनाचं, एक सिमेंट पत्र्याचं. भाडेकरूंसाठी घरमालकाशी लेखी काही ठरवलंय असं कुणी आहे का इथे? असेल तर कागदावर नेमकं काय लिहून घेतलं ते सांगा.