तीन हजार पानांची शेतीविषयक साइट: मेनू नव्याने कसा लावू?

कपाशीवाली:
एका कृषी संस्थेच्या माहितीच्या साइटचं काम माझ्याकडे आलंय. तीन हजारांच्या आसपास पानं. मेनू विभागवार लावलेला: कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, मृदशास्त्र, उद्यानविद्या, विस्तार शिक्षण.

माझे बाबा परभणीकडे कापूस लावतात. त्यांना म्हटलं, लाल्याची माहिती काढून दाखवा. बराच वेळ रोगशास्त्रात फिरले, मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "जाऊ दे, दुकानदारालाच विचारतो." माहिती होती, पण मृदशास्त्रात. लाल्या हा जंतूंचा रोग नाहीच ना! मॅग्नेशियम, नत्र कमी पडलं, रात्री गारठल्या की पानं लाल होतात. शास्त्राप्रमाणे जागा बरोबर, पण तिथे जाणार कोण?

विभागप्रमुखांना मात्र आपापल्या विभागाचं नाव मुखपृष्ठावर हवंच आहे. सुरुवात कुठून करू?

तीन_टॅब:
ब्रिटिश सरकारने २०१२ मध्ये डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंक या दोन साइट गुंडाळून गव्ह डॉट यूके आणली. तिथे लोकांची कामं पुढे आली, खाती मागे गेली. साहेबांना तेच दाखवा. विलायतेचं उदाहरण दिलं की आपल्याकडे फाइल पटकन हलते.

जुना_सर्व्हरवाला:
ताई, मेनूला हात लावण्याआधी साइटवरच्या शोधपेटीची नोंद काढा. लोक काय टाइप करतात ते वाचत बसा, चहा घेऊन. मुळं खाणाऱ्या अळीसाठी आमच्याकडे 'हुमणी'पेक्षा 'हुमनी' जास्त शोधलं जायचं आणि उत्तर यायचं 'काही सापडले नाही'. 'डाळिंब'चं 'डाळींब' झालं, तरी तेच. डाळिंबावरचा तेल्या रोग तर कुठेच सापडेना, कारण पानावर लिहिलं होतं 'जिवाणूजन्य करपा'. माणूस तेल्या म्हणतो, तर शीर्षकात तेल्याच हवा, शास्त्रीय नाव खाली.

बरेच जण इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, तीही रूपं प्रत्येक पानाला जोडा. आणि 'ऱ्य' तपासा. कळफलकाप्रमाणे तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्याला सारखाच, यंत्राला वेगळा. यात माझे दोन दिवस गेले होते.

मग चिठ्ठ्या. चाळीस पानांची नावं चाळीस चिठ्ठ्यांवर लिहा, बाबांना आणि गावातल्या पाच-सात जणांना द्या, म्हणा गठ्ठे करा. तुम्ही गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. गठ्ठ्याला नावही त्यांनाच देऊ द्या. त्यावरून नवा मेनू कागदावर मांडा आणि दुसऱ्या माणसांना विचारा, "भुरी रोग पाहायचा तर कुठे दाबाल?" रंगसंगती वगैरे नंतर. तीन क्लिकमध्ये पोचलंच पाहिजे, असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. शब्द ओळखीचे असतील तर लोक पाच वेळा दाबतात.

विभागांची नावं 'आमच्याविषयी'मध्ये, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'माहिती: अमुक विभाग'. आमचे साहेब यावर खूश झाले. नाव एकाऐवजी शेकडो पानांवर आलं ना!

बांधावरून:
जुने पत्ते मोडू नका, हात जोडून सांगतो. आमच्या गटात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या लिंक मेल्यात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ लावा, म्हणजे जुनी लिंक दाबली की आपोआप नवं पान उघडतं. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर ढकलायचे नाहीत, ते पान जिथे गेलं तिथेच न्यायचं.

कपाशीवाली:
सगळ्यांचे आभार. रविवारी ओसरीवर चिठ्ठ्या पसरल्या. बाबांनी पिकाप्रमाणे गठ्ठे केलेच नाहीत! पेरणी, खुरपणी, फवारणी, वेचणी असे केले. लाल्या गेला 'बोंडं भरताना'मध्ये. आई म्हणते, आधी पीक, मग बाकीचं. शेजारचे काका आईच्या बाजूने. अजून चार जण बाकी आहेत, आणि 'माती परीक्षण'ची चिठ्ठी शेळीने खाल्ली, ती परत लिहायची आहे.