मदत हवी आहे : मुलाची शस्त्रक्रिया योजनेतून होईल, पण नंतरची फिजिओथेरपी गावात राहून कशी करावी? (सेरेब्रल पाल्सी)

नमस्कार. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. दोन्ही पाय कडक, डॉक्टरांच्या भाषेत स्पास्टिक डायप्लेजिया, पातळी तीन (म्हणजे वॉकरसारखा आधार धरून चालू शकणारं मूल). बोलतो स्पष्ट, दुसरीत आहे, पाढे मला म्हणून दाखवतो. नुकताच खुब्याचा एक्स-रे काढला तेव्हा हाडांचे डॉक्टर म्हणाले, डावा खुबा खोबणीतून सरकायला लागलाय, मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू सैल करायची शस्त्रक्रिया लवकर करून घ्या. कागद बघून आरोग्यमित्राने (रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणारा) सांगितलं की खर्च योजनेत बसेल. पण डॉक्टरांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली. प्लॅस्टर निघाल्यावर कित्येक महिने नियमित थेरपी झाली नाही, तर पाय पुन्हा आखडतील. आणि थेरपीच आमच्याकडे नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहतो. जिल्ह्याचं ठिकाण एसटीने दोन तासांवर. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट आहेत, गुडघे आणि कंबर बघतात. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ताई, लहान मुलांचं काम मी केलेलं नाही. ग्रामीण रुग्णालयात हे पदच भरलेलं नाही.

हे इतकं का बिघडलं तेही सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना कल्पना येईल. अंगणवाडीच्या तपासणीत त्याचं लवकर लक्षात आलं होतं. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपी सुरू झाली, तो धरून उभा राहायला लागला, पायात घोटा सरळ धरून ठेवणारे खास बूट (एएफओ) बसवले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तो सव्वादोन वर्षांचा होता. केंद्र बंद झालं, तिथल्या ताई कोविडच्या कामाला गेल्या. बूट त्याला लहान झाले, नवीन मापं घ्यायला कोणी नव्हतं. पुढे केंद्र उघडलं तोवर ऑक्टोबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. खाजगी गाडी करून थेरपीला नेणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मूल वाढतं तेव्हा हाड वाढतं आणि कडक स्नायू त्या वेगाने वाढत नाही, म्हणून याच वयात ताण देणं, उभं करणं, बूट बदलणं थांबून चालत नाही. आमचं नेमकं तेव्हा थांबलं.

माझ्या मावसबहिणीची मुलगी पुण्यात आहे. निदान तेच, पातळीही तीनच. तिची थेरपी एप्रिल २०२० पासून व्हिडिओ कॉलवर चालली, नंतर थेरपिस्ट घरी यायला लागल्या, उभं राहायची फ्रेम त्यांनी भाड्याने आणली. आज ती वॉकर घेऊन शाळेच्या वर्गापर्यंत जाते. प्रत्येक मूल वेगळं असतं हे मला कळतं, आणि त्या मुलीचं पाऊल पुढे पडलेलं बघून मला खरंच आनंद होतो. पण दोघांमधला एवढा मोठा फरक निव्वळ आजाराचा आहे, हे मी मान्य करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांची पाहणी केली, त्यात ६३ टक्के देशांत पुनर्वसन सेवा विस्कळीत झाल्याचं आढळलं. ज्यांच्याकडे पैसा, नेट आणि शहर होतं त्यांनी दुसरी वाट काढली. बाकीच्यांच्या मुलांचे खुबे सरकले. व्हेंटिलेटर किती, खाटा किती, हे रोज टीव्हीवर येत होतं. थेरपी बंद पडलेल्या मुलांचा आकडा मी तरी एकदाही ऐकला नाही.

आता प्रश्न. सगळ्यात महत्त्वाचा हा : शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मुलाला ठेवून घेऊन आई-वडिलांना व्यायाम शिकवून पाठवतात, अशी सोय कुठे आहे? मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची संस्था आहे, तिथे लहान मुलाला दाखल केल्याचा कोणाला अनुभव आहे का? सोबतच्या माणसाची राहायची सोय कशी होते? लातूरजवळ हरंगुळच्या 'संवेदना' केंद्राबद्दलही ऐकलंय, आम्हाला ते मुंबईपेक्षा फार जवळ पडेल.

निरामय विमा (दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) काढलेला आहे, एक लाखाचा. त्यात थेरपीचा खर्च मिळतो, पण आधी आपण भरायचा आणि मग बिलं पाठवायची. थेरपीचा दावा कोणाला मंजूर होऊन मिळालाय का, आणि किती दिवसांनी? बिलावर नेमकं काय लिहून घ्यावं?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास थोडी रक्कम वाटून टाकतात. त्यातून उभं राहायची फ्रेम किंवा थेरपिस्टच्या येण्याजाण्याचा खर्च कोणत्या गावाने केला असेल, तर ठराव कसा लिहिला ते कृपया सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसन सेवा देणं सरकार आणि स्थानिक संस्थांचं काम आहे असं कलम २७ म्हणतं, मात्र 'आर्थिक क्षमतेनुसार' असंही म्हणतं. ग्रामसेवकांनी मला तेवढेच शब्द वाचून दाखवले, म्हणून दुसऱ्या गावाचं उदाहरण हातात हवं आहे.

व्हिडिओ कॉलवरची थेरपी शस्त्रक्रियेनंतर कितपत चालते? शक्यतो ज्यांच्या मुलाचं ऑपरेशन झालंय त्यांनीच सांगावं. नेट आता बरं आहे. गटसाधन केंद्राच्या (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) विशेष शिक्षक ताई महिन्यातून घरी येतात, त्या शिकायला तयार आहेत.

एक विनंती. मालिश, तेल, चमत्कारी इंजेक्शन यांचे सल्ले नकोत, ते इथे घरोघरी मिळतात.

शस्त्रक्रियेची तारीख अजून घेतलेली नाही. नंतरची सोय लागल्याशिवाय करून घ्यावी का, की खुबा आणखी सरकण्याआधी आधी ती उरकावी, यावर लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञ कोणी वाचत असतील तर त्यांचं मत फार मोलाचं होईल. एक्स-रे आणि तो धरून चालतानाचा व्हिडिओ संपर्कातून पाठवते.